जर्मनीतला बेकारभत्ता: नोकरी गेल्यावर कुणाला, काय आणि कधी कळवायचं

जर्मनीत नोकरी करणाऱ्याच्या पगारातून दरमहा बेकारी विम्याचा हप्ता जातो. एका ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर २.६ टक्के, त्यातला निम्मा कर्मचाऱ्याचा आणि निम्मा कंपनीचा. नोकरी गेली की या विम्यातून जे पैसे मिळतात त्याला आर्बाइट्सलोझनगेल्ड म्हणतात. ते देणारी सरकारी संस्था म्हणजे बुंडेसआगेंटूर फ्यूर आर्बाइट. तिचं मुख्यालय न्यूर्नबेर्गला आहे आणि शाखा प्रत्येक मोठ्या गावात आहेत. या लेखात तिला नुसतं एजन्सी म्हणू.

हा भत्ता म्हणजे दानधर्म नाही, तुम्ही हप्ते भरलेला विमा आहे. तो घेताना संकोच करण्याचं काहीच कारण नाही. मात्र विमा असल्यामुळे त्याला अटी आहेत, आणि त्या अटींचा बराचसा भाग एकाच गोष्टीभोवती फिरतो: काय घडलं, काय घडणार आहे, हे वेळेत आणि शक्यतो आधी कळवणं. काम शोधण्यात कुचराई केली म्हणून पैसे अडण्यापेक्षा एखादी तारीख चुकली, भेटीला गेलं नाही, पंधरा दिवस पुण्याला जाऊन आल्याचं सांगितलं नाही, म्हणून अडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून इथे कायद्याची ओळख करून देण्यापेक्षा तारखा आणि दिवस यांवरच भर दिला आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्यामुळे तिकडे जाणारी मराठी मुलं आता फक्त आयटीतली नसतील. पहिल्या नोकरीचा करार हातात पडतो तेव्हाच हे नियम माहीत असलेले बरे.

हक्क कुणाचा

मागच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विम्याचे हप्ते भरलेले असावेत. हे महिने सलग असण्याची गरज नाही, वेगवेगळ्या कंपन्यांमधले मिळून चालतात. भारतातल्या नोकरीचे महिने यात धरत नाहीत. भारत आणि जर्मनी यांच्यातला सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ पासून लागू आहे, पण भारतात केलेली नोकरी त्यामुळे इथल्या बेकारभत्त्यासाठी मोजली जात नाही. भारतीय कंपनीने काही काळासाठी पाठवलेला कर्मचारी, ज्याचा पीएफ भारतातच कापला जातो आणि जर्मन पगारपत्रकात बेकारी विम्याची कपातच नाही, त्याला हा भत्ता मिळत नाही. पगारपत्रक उघडून ती ओळ आहे का, हे आजच पाहा.

भत्ता निव्वळ पगाराच्या ठोकळ हिशेबावर ६० टक्के मिळतो, मूल असेल तर ६७ टक्के. किती काळ मिळणार हे हप्त्यांच्या महिन्यांवर ठरतं: १२ महिने भरले असतील तर ६ महिने, १६ ला ८, २० ला १० आणि २४ ला १२. पन्नाशीनंतर ही मुदत वाढते, आणि ५८ वर्षांच्या पुढे ४८ महिने हप्ते भरलेल्याला २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळू शकतो. हिशेब दिवसांचा असतो आणि प्रत्येक महिना ३० दिवसांचा धरतात. हे लक्षात ठेवा, कारण पुढे दंडही दिवसांतच मोजायचा आहे. पैसे महिना संपल्यावर खात्यात येतात. तेव्हा शेवटच्या पगारानंतर साधारण एक महिना हातच्या पैशावर काढण्याची तयारी हवी.

तीन वेगळ्या नोंदी, तीन वेगळ्या तारखा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोकांना वाटतं, एकदा ऑनलाइन नाव नोंदवलं की झालं. प्रत्यक्षात तीन गोष्टी करायच्या असतात आणि एक केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही.

पहिली नोंद म्हणजे आर्बाइटझूखेंड, म्हणजे काम शोधणारा म्हणून. ती नोकरी चालू असतानाच करायची. नोकरी संपण्याच्या तारखेच्या किमान तीन महिने आधी. नोकरी जाणार हे कळल्यापासून ती संपेपर्यंत तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल, तर कळल्यापासून तीन दिवसांत. परीक्षण काळात नोटीस बहुधा दोन आठवड्यांचीच असते, त्यामुळे तिथे हाच तीन दिवसांचा नियम लागू होतो. कंपनीने "बघू, कदाचित ठेवून घेऊ" असं तोंडी सांगितलं असेल, किंवा नोटिशीविरुद्ध तुम्ही कोर्टात गेला असाल, तरी ही मुदत थांबत नाही. उशीर झाला की एक आठवड्याचा भत्ता गेला.

यात हमखास सापडतात ते मुदतीच्या करारावर काम करणारे: विद्यापीठातले संशोधक, प्रोजेक्टपुरते घेतलेले इंजिनियर. त्यांना नोटीस येतच नाही, कारण करार आपोआप संपतो. पण शेवटची तारीख करारातच छापलेली असल्याने कायद्याच्या नजरेत ती त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असते. करार ३१ डिसेंबरला संपत असेल तर ३० सप्टेंबरच्या आत नोंद झालीच पाहिजे. करार वाढेल अशी आशा असली तरी नोंद करावी. वाढला तर नुसतं कळवायचं, त्यात काहीच तोटा नाही.

दुसरी नोंद आर्बाइट्सलोस, म्हणजे बेकार म्हणून. ती तीन महिने आधीपासून करता येते, आणि नोकरी नसलेल्या पहिल्या दिवशी तरी झालीच पाहिजे. ही मागच्या तारखेने होत नाही. ३१ मार्चला नोकरी संपली आणि तुम्ही १४ एप्रिलला गेलात, तर मधले १३ दिवस बुडाले. १ तारखेला एजन्सी बंद असेल तर मात्र पुढच्या उघड्या दिवशीची नोंद १ तारखेची धरतात. ही नोंद साध्या ईमेलने किंवा फोनने होत नाही. स्वतः ओळखपत्र घेऊन जायचं, किंवा २०२२ पासून सोय झाली आहे त्याप्रमाणे ऑनलाइन ओळख पटवून करायची. तुमच्या रहिवास परवान्याच्या कार्डात ही ऑनलाइन ओळखीची सोय असते, पण ती चालू केलेली आणि पिन तुमच्याकडे असायला हवा. कार्ड मिळालं तेव्हा आलेलं पिनचं पत्र बऱ्याच जणांनी हरवलेलं असतं. ते शोधण्यात दोन दिवस घालवू नका, सरळ कार्यालयात जा.

तिसरी गोष्ट म्हणजे भत्त्याचा अर्ज. तो ऑनलाइन भरता येतो. त्यासाठी कंपनीने नोकरीचा तपशील एजन्सीला डिजिटल पद्धतीने पाठवावा लागतो. २०२३ पासून कंपन्यांना तसं बंधन आहे. तो आला नाही तर अर्ज लटकतो, आणि कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या मागे लागण्याचं काम शेवटी तुम्हालाच करावं लागतं. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यातच त्यांना लेखी विचारून ठेवा.

याच दिवसांत आणखी एक वेगळं कार्यालय येतं. नोकरीवर आधारलेला परवाना असेल आणि नोकरी ठरल्याआधी संपली, तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, हे कळल्यापासून दोन आठवड्यांत कळवणं बंधनकारक आहे. एजन्सीला सांगितलं म्हणजे तिकडे कळलं असं होत नाही. ते कार्यालय परवान्याची मुदत कमी करू शकतं. नवं काम शोधायला किती वेळ देणार, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. आर्बाइट्सलोझनगेल्ड घेतल्याने परवान्याला धक्का लागतो ही भीती मात्र मनातून काढून टाका. हप्त्यांतून मिळणारे पैसे "सरकारी मदतीवर जगतो" यात मोजत नाहीत. जॉबसेंटरकडून मिळणारी गरिबीसाठीची मदत वेगळी. ती घेतली तर परवान्याच्या वेळी प्रश्न येतो. या दोन्हींची गल्लत करून अनेकजण आपला हक्काचा विमा सोडून देतात, याचं वाईट वाटतं.

राजीनामा देण्याआधी

स्वतः राजीनामा दिला, किंवा कंपनीने पुढे केलेल्या परस्पर संमतीच्या करारावर सही केली, तर एजन्सीच्या दृष्टीने बेकारी तुम्ही ओढवून घेतलेली असते. त्याबद्दल बारा आठवडे भत्ता बंद. या बंदीला श्पेरत्साइट म्हणतात. बहुतेकांना वाटतं, बारा आठवडे पुढे ढकलले, नंतर पूर्ण मिळेल. तसं नाही. हे दिवस तुमच्या एकूण हक्कातून कापले जातात, आणि कपात किमान पाव हिस्सा असते. ज्याला १२ महिने, म्हणजे ३६० दिवस मिळणार होते, त्याचे ८४ नव्हे तर ९० दिवस जातात. ज्या ज्येष्ठ कर्मचाऱ्याला ७२० दिवस मिळणार होते, त्याचे १८० दिवस जातात. तीच सही, पण पन्नाशीपुढच्या माणसाला ती कितीतरी महाग पडते.

सबळ कारण असेल तर बंदी लागत नाही: जोडीदाराची दुसऱ्या शहरात बदली झाल्यामुळे संसार हलवावा लागणं, किंवा काम तब्येतीला झेपत नसल्याचं डॉक्टरांचं लेखी मत. पण कागद राजीनाम्याच्या आधीचा हवा. नंतर आणलेल्या दाखल्याला तेवढं वजन राहत नाही. संमतीच्या कराराबाबत एजन्सी सहसा असं पाहते: कंपनीने व्यवसायाच्या कारणाने नोकरीवरून काढण्याचं ठामपणे सांगितलं होतं का, नोटीस काळ पूर्ण पाळला का, आणि भरपाईची रक्कम नोकरीच्या दर वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगारापर्यंत आहे का. हे तिन्ही जुळलं तर बंदी बहुधा टळते. भरपाई घेऊन नोटीस काळ कमी करून घेतला तर भत्ता सुरू होण्याची तारीखही पुढे जाते. अशा करारावर जागच्या जागी सही करू नका. दोन दिवस मागून घ्या आणि कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा.

दिलासा एवढाच की बंदीच्या काळातही आरोग्य विम्याचं संरक्षण एजन्सीमार्फत चालू राहतं. त्यासाठी बेकार म्हणून नोंद आणि भत्त्याचा अर्ज मात्र हवाच. "बारा आठवडे पैसेच मिळणार नाहीत, मग तीन महिन्यांनी जाऊ" असा विचार करणारे इथेच फसतात.

भत्ता चालू असताना

मूळ अट अशी: तुम्ही बेकार असलं पाहिजे, स्वतःहून काम शोधत असलं पाहिजे, आणि आठवड्याला किमान १५ तासांचं काम आज मिळालं तर ते करायला मोकळं असलं पाहिजे. बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

मोकळं असणं म्हणजे काय, तर लहान मूल असेल तर ते सांभाळण्याची सोय असणं. तुम्ही आधी ४० तास काम करत होता आणि आता २० तासच करू शकत असाल तर तसं सांगता येतं, पण भत्ताही त्या प्रमाणात निम्मा होतो. पूर्ण वेळेचा कोर्स स्वतःच्या मनाने सुरू केला तर तुम्ही मोकळे नाही असं धरलं जाऊ शकतं, मग तो जर्मन भाषेचा का असेना. कोर्स लावण्याआधी एजन्सीची संमती घ्या आणि नोकरी मिळाली तर कोर्स सोडेन हे सांगून ठेवा. एजन्सीने स्वतः पाठवलेला भाषेचा किंवा प्रशिक्षणाचा कोर्स नाकारला किंवा अर्धवट टाकला, तर त्याचीही बंदी लागते.

सापडण्याजोगं असणं हेही यातच आलं. कामाच्या प्रत्येक दिवशी तुमच्या पत्त्यावरचं टपाल तुम्ही पाहू शकला पाहिजे, आणि बोलावलं तर वेळेत पोहोचू शकला पाहिजे. मित्राच्या घरी पोटभाडेकरू म्हणून राहत असाल तर टपालपेटीवर आपलं आडनाव आहे ना, हे तपासा. जर्मनीत नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि भेटीचं पत्र मिळालंच नाही हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं. घर बदललं तर नवा पत्ता एजन्सीला स्वतंत्रपणे कळवा. नगरपालिकेतली पत्त्याची नोंद त्यासाठी पुरत नाही.

भेटीला बोलावलं तर जायलाच हवं. चुकली तर एक आठवडा बंदी. वेळ चुकली पण त्याच दिवशी नंतर पोहोचलात आणि भेटीचं काम झालं, तर ते चालतं. त्यामुळे ट्रेन चुकली म्हणून घरी परतू नका, पोहोचा. जाण्यायेण्याचा खर्च मागितला तर मिळू शकतो, पण मागावा लागतो.

काम शोधण्याबाबत सल्लागार तुमच्याशी बसून लेखी ठरवतो: किती अर्ज, कोणत्या क्षेत्रात, पुरावा कधी द्यायचा. त्या कागदावर सही करताना आकडा झेपण्यासारखा आहे का पाहा. तुमच्या क्षेत्रात महिन्याला चारच जागा निघत असतील तर दहा अर्जांना होकार देऊ नका, तिथेच बोला. मग एक तक्ता ठेवा: तारीख, कंपनी, पद, अर्ज कसा पाठवला, काय उत्तर आलं. अर्जाची पोच, नकाराचे ईमेल एका फोल्डरमध्ये. ठरलेले प्रयत्न दाखवता आले नाहीत तर दोन आठवडे बंदी.

एजन्सी स्वतःहूनही जागा सुचवते. त्या पत्रात नकाराचे परिणाम छापले आहेत का, ते आधी वाचा. छापले असतील तर त्या जागेला अर्ज करणं बंधनकारक आहे, आणि पत्रासोबतचा उत्तराचा भागही भरून पाठवायचा. परिणामांची सूचना नसलेलं पत्र नुसती माहिती असते, त्यावरून बंदी लावता येत नाही. बंधनकारक जागेला कारण नसताना नकार दिला तर पहिल्या वेळी तीन आठवडे, दुसऱ्या वेळी सहा, त्यानंतर बारा आठवडे बंदी. "एजन्सीने सांगितलं म्हणून अर्ज करतो, मला खरं तर दुसरं काही हवं आहे" असं अर्जात लिहिलं, किंवा मुलाखतीला गेलंच नाही, तर तोही नकारच धरतात. आणि काम शोधणारा म्हणून एकदा नोंद झाली की हे बंधन जुनी नोकरी चालू असतानाही लागू होतं.

बंदीचे सगळे आठवडे बेरजेत राहतात. एकूण २१ आठवडे झाले की उरलेला हक्क संपूर्ण नाहीसा होतो. राजीनाम्याचे बारा, पहिल्या नकाराचे तीन, दुसऱ्याचे सहा: झाले एकवीस.

मग कोणती नोकरी नाकारता येते? पदवी इंजिनियरची आणि काम तंत्रज्ञाचं, एवढ्यावर नाही. करार तात्पुरता आहे, यावरही नाही. पगाराची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. भत्ता ज्या पगारावर काढला त्यापेक्षा पहिले तीन महिने २० टक्क्यांपर्यंत, पुढचे तीन महिने ३० टक्क्यांपर्यंत कमी पगाराची नोकरी स्वीकारावी लागते. समजा तो पगार ५००० युरो होता. पहिल्या तीन महिन्यांत ३९०० युरोची नोकरी पगाराच्या कारणाने नाकारता येते, चौथ्या महिन्यात नाही. सातव्या महिन्यापासून कामावर जाण्यायेण्याचा खर्च वजा करून हातात येणारा पगार भत्त्यापेक्षा कमी असेल तरच नकार देता येतो. प्रवासाचंही गणित आहे. सहा तासांपेक्षा जास्त कामाच्या दिवशी जाऊन-येऊन अडीच तास, त्याहून कमी कामाच्या दिवशी दोन तास, एवढा प्रवास योग्य मानतात. दुसऱ्या शहरात राहायला जाण्याची अपेक्षा साधारण चौथ्या महिन्यापासून ठेवली जाते, पण जोडीदाराची इथली नोकरी, मुलांची काळजी अशी कौटुंबिक कारणं ग्राह्य धरतात. ती सल्लागाराला आधीच सांगून त्याच्या नोंदीत आणावी.

किरकोळ काम आणि कमाई

आठवड्याला १५ तासांपेक्षा कमी काम भत्ता घेताना करता येतं. पंधरा तास पूर्ण झाले की कमाई कितीही असो, तुम्ही बेकार राहत नाही आणि भत्ता त्या दिवसापासून थांबतो. दोन छोटी कामं असतील तर दोन्हींचे तास एकत्र मोजतात. कमाईतले कर आणि कामासाठीचा खर्च वजा करून महिन्याला १६५ युरोपर्यंतची रक्कम माफ असते, त्यावरची भत्त्यातून वजा होते. ३०० युरो मिळाले तर १३५ कापले जातात. स्वतंत्र व्यवसाय असेल तर मिळकतीतला ३० टक्के भाग खर्च म्हणून धरतात, जास्त खर्च असेल तर पावत्या दाखवाव्या लागतात.

काम सुरू होण्याआधी कळवायचं, पैसे आल्यावर नाही. पुण्यातल्या कंपनीसाठी रात्री बसून केलेलं सल्लामसलतीचं काम, पैसे भारतातल्या खात्यात रुपयांत आले तरी, हे कामच आहे आणि तेही कळवावं लागतं. तुमच्या ठाण्याच्या फ्लॅटचं भाडं किंवा मुदत ठेवीचं व्याज मात्र कामाची कमाई नाही, त्याने भत्ता कमी होत नाही.

नवी नोकरी लागली तरी पहिल्या दिवसाच्या आधीच कळवा. कंपन्या कर्मचाऱ्यांची नोंद सामाजिक विम्याकडे करतात आणि एजन्सी त्या नोंदींशी आपले आकडे ताडून पाहते. न कळवलेली नोकरी काही महिन्यांनी हमखास उघड होते. मग जास्तीचे पैसे परत करावे लागतातच, वर दंड होऊ शकतो, आणि जाणूनबुजून लपवल्याचं दिसलं तर फसवणुकीचा गुन्हाही. परवान्यावर राहणाऱ्याला असं प्रकरण परवडण्यासारखं नाही.

आजारपण

आजारी पडलात तर लगेच कळवा. काम करता येणार नसल्याचा डॉक्टरांचा दाखला तिसऱ्या दिवसाच्या आत हवा. २०२४ पासून सरकारी आरोग्य विमा असलेल्यांचा दाखला एजन्सी डिजिटल पद्धतीने मागवून घेते. खाजगी विमा असेल तर तुम्हीच पोचवायचा. पहिले सहा आठवडे भत्ता चालू राहतो, त्यापुढे आरोग्य विमा कंपनीकडून आजारपणाचे पैसे मिळतात. सहा आठवडे संपण्याआधी दोन्हीकडे बोलून ठेवलं नाही तर मधे रिकामा काळ पडतो. बरं झाल्यावर पुन्हा हजर असल्याचं कळवणंही तितकंच गरजेचं आहे, आणि तेच बहुधा राहून जातं.

भारतात जायचं असेल तर

नोकरी गेली, हाताशी वेळ आहे, गणपतीला घरी जाऊन येऊ, असं वाटणं अगदी साहजिक आहे. जाता येतं, पण परवानगी घेऊन. वर्षाला एकूण तीन आठवडे, म्हणजे २१ दिवस, भत्ता चालू ठेवून बाहेर राहता येतं. हे दिवस कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून. बेकारीच्या पहिल्या तीन महिन्यांत परवानगी फक्त खास कारणासाठीच देतात, कारण नोकरी मिळण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते असं मानलं जातं. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी परवानगी, मग तिकीट. तिकीट काढलं आहे, हे खास कारण होत नाही. नोकरी असतानाच काढलेलं तिकीट असेल तर ते पहिल्याच भेटीत दाखवा.

दिवसांची मोजणी अशी चालते. परवानगी घेऊन २५ दिवस गेलात, तर २१ दिवसांचा भत्ता मिळेल, उरलेल्या चार दिवसांचा नाही. सहा आठवड्यांपर्यंत हेच. पण मुक्काम सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठरला असेल तर पहिल्या दिवसापासूनच काही मिळत नाही, आणि बेकार म्हणून केलेली नोंदही संपते. परत आल्यावर नव्याने करावी लागते. स्वस्त तिकिटासाठी मुक्काम ४० ऐवजी ४५ दिवसांचा करणं किती महाग पडतं, ते यावरून लक्षात येईल. परत आल्यावर हजर झाल्याचं कळवायचं.

आई-वडिलांपैकी कुणी गंभीर आजारी झालं, कुणी गेलं, तर अर्थातच थांबता येत नाही. पण विमानतळावरून का होईना, एजन्सीला फोन करा आणि ऑनलाइन खात्यातून निघण्याची तारीख, कारण आणि परतीचा अंदाज लिहून परवानगी मागा. फोनवर कुणाशी, किती वाजता बोललात ते टिपून ठेवा. अशा कारणाला एजन्सी सहसा आडकाठी करत नाही. न सांगता गेलं आणि त्या दिवसांत भेटीचं पत्र आलं, तर मात्र निघाल्याच्या दिवसापासूनची वसुली आणि भेट चुकल्याची बंदी दोन्ही मागे लागतात.

बंदीचं पत्र आलं तर

बंदी लावण्याआधी एजन्सी तुमचं म्हणणं विचारते. त्या पत्राला दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, पुराव्यांसह, मुद्द्याला धरून. बरेच जण इथे घाबरून गप्प बसतात, आणि त्यांची बाजू फाइलमध्ये येतच नाही.

निर्णयाचं पत्र, बेशाइड, हाती आल्यावर त्याविरुद्ध एका महिन्यात लेखी हरकत घेता येते. तिला विडरश्प्रुख म्हणतात. पत्र टपालात टाकल्यापासून चौथ्या दिवशी पोहोचलं असं २०२५ पासून धरतात, म्हणून पाकीट जपून ठेवा. साध्या ईमेलने हरकत चालत नाही. सही केलेलं पत्र पाठवा किंवा कार्यालयात जाऊन नोंदवा, आणि पोच घ्या. कारणं सविस्तर लिहायला वेळ नसेल तर "या तारखेच्या निर्णयावर हरकत घेत आहे, कारणं नंतर पाठवतो" एवढं दोन ओळींत लिहूनही मुदत राखता येते. हरकतीला शुल्क नाही. ती फेटाळली तर पुढच्या एका महिन्यात सामाजिक न्यायालयात जाता येतं आणि भत्त्यासाठी दावा करणाऱ्याला तिथेही कोर्टाची फी नाही.

हरकत घेतली म्हणून पैसे लगेच सुरू होत नाहीत, निकाल लागेपर्यंत बंदी तशीच राहते. आणि या काळात भेटीला जाणं, अर्ज पाठवणं, आजारपण कळवणं हे सगळं चालूच ठेवायचं असतं. पहिल्या बंदीविरुद्ध भांडताना चुकलेल्या भेटीची नवी बंदी वेगळी मोजली जाते, आणि पहिली हरकत जिंकली तरी ती रद्द होत नाही.